फुकटचं न घेणारा माणूस

वेल्समध्ये औषधाला पैसे पडत नाहीत. डॉक्टरची चिठ्ठी दाखवा, पिशवी उचला आणि चालू लागा. खाडीवरचा पूल ओलांडून इंग्लंडात गेलात की मात्र दर औषधाला खिशात हात घालावा लागतो. कार्डिफच्या वरच्या अंगाला, डोंगरांच्या बेचक्यात वसलेल्या एका गावात मी फार्मासिस्ट आहे, आणि त्या काउंटरमागे उभं राहून मी माणसांचे सगळे नमुने पाहिलेत. गोळ्या कुत्र्याने खाल्ल्या म्हणून पुन्हा मागणारे पाहिलेत, नवऱ्याचा खोकला सांगून स्वतःसाठी सिरप नेणाऱ्या पाहिल्यात. पण औषध फुकट आहे असं कळल्यावर पिशवी परत सरकवणारा माणूस मी एकच पाहिला. त्याचं नाव विलास टेंभुर्णे.

पन्नाशीकडे झुकलेला, रुंद हाडाचा, कारखान्याच्या निळ्या जॅकेटमधला माणूस. रक्तदाबाच्या गोळ्यांची पिशवी मी पुढे केली तर त्याने इंग्रजीत विचारलं, किती झाले? मी म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, असं कसं? पिशवीवरचं आडनाव वाचून मी सरळ मराठीतच विचारलं, "टेंभुर्णे म्हणजे तुम्ही नागपूर-भंडाऱ्याकडचे का?"

त्याचे खांदे एकदम सैल पडले. "काय जी! तुम्ही आपल्या? मग बरं झालं. पैसे घेऊन टाका न ताई."

"घेऊ कसे? इथे औषध फुकट असतं सगळ्यांना."

"मग मले नको."

"अहो, व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज भरलाय ना तुम्ही? तुमचेच पैसे आहेत."

"तो व्हिसाचा झाला. हे औषधाचं. ब्रिस्टलमध्ये घेतात न पैसे? मी तिथून घेऊन येतो."

मी मूळची पिंपरीची. जीभ आधीच तिखट, त्यात मागे रांग लागलेली. मी म्हटलं, "एवढं प्रेशर घेऊन ब्रिस्टलला निघालात तर गाडी पोचेल, तुम्ही पोचणार नाही. उचला ती पिशवी." तो मोठ्याने हसला. काउंटरवर लहान मुलांच्या हॉस्पिटलसाठी डबा असतो, त्यात त्याने एक नोट घडी करून टाकली आणि मगच पिशवी घेतली. पुढे दर महिन्याला हा कार्यक्रम ठरलेला. आधी डबा, मग गोळ्या. माझी वेल्श मदतनीस तर त्याला बघितलं की डबा पुसून पुढेच ठेवायची.

विलासभाऊ गावाबाहेरच्या फाउंड्रीत होते. गाड्यांच्या इंजिनांचे भाग ओतायचा तो कारखाना. नागपूरजवळ बुटीबोरीला अशाच एका कारखान्यात ते भट्ट्यांची देखभाल करत. इथे नव्या विजेच्या भट्ट्या बसवायच्या होत्या, तेव्हा कंपनीने त्यांना आणलं, आणि भट्ट्या बसल्यावर ठेवूनही घेतलं. बायको सुषमा, मुलगी श्रावस्ती. मुलगी आली तेव्हा प्राथमिक शाळेत होती, आणि मी सांगतेय त्या वर्षी तिची ए-लेव्हलची, म्हणजे इथल्या बारावीची, शेवटची परीक्षा उन्हाळ्यात व्हायची होती. तिला मेडिसिनला जायचं होतं. सुरुवातीची वर्षं वेगळ्या व्हिसावरची, ती कायम राहण्याच्या परवानगीसाठी मोजत नाहीत. मोजतात ती वर्षं आता भरत आली होती. थोडी कळ काढली की सुटलो, असं सुषमा म्हणायची.

कार्डिफला आम्ही काही कुटुंबं महिन्यातून एका रविवारी बुद्धवंदनेला जमतो. कौन्सिलचा एक हॉल भाड्याने घेतो. विलासभाऊ सगळ्यांच्या आधी येऊन हॉलमधल्या प्रत्येक यंत्रावर तळहात ठेवणार. हीटर, फ्रिज, चहाचा बॉयलर, कशावरही. डोळे मिटून क्षणभर थांबणार आणि मग निकाल देणार. "हा चालते अजून पाच वर्षं." "हे म्हातारं झालं, राजेहो." यात काही दैवी शक्ती होती असं समजू नका. आमच्या घरच्या बॉयलरवर असाच हात ठेवून त्यांनी त्याला दीर्घायुष्याचं प्रमाणपत्र दिलं आणि त्याच आठवड्यात तो ऐन थंडीत बंद पडला. मी फोनवर चांगली झाडली त्यांना. हत्यारांची पेटी घेऊन आले, पाठमोरे बसून दिवसभर खपले, आणि जाताना दुरुस्त बॉयलरवर हात ठेवून म्हणाले, "मी नाही म्हटलं होतं, चालते म्हणून?" माझ्या नवऱ्याने पैसे विचारले तर तोंड वाकडं केलं. दुसऱ्याकडून फुकट घ्यायचं नाही, पण आपण फुकट द्यायला काही हरकत नाही, असा तो न्याय होता. मला तेव्हा तो नुसता विक्षिप्तपणा वाटायचा.

त्याचं मूळ मला एका जयंतीला कळलं. कार्यक्रम संपला होता, उरलेलं जेवण डब्यांत भरून मी वाटत होते. विलासभाऊंनी डबा घेतला नाही. मी चिडले. म्हटलं, वर्गणी तुम्हीही दिलीय, हे काय सोवळं मांडलंय? ते खुर्च्या रचत होते. रचता रचताच बोलले, माझ्याकडे न बघता.

पॉलिटेक्निकला होस्टेलवर असताना त्यांची पहिली स्कॉलरशिप आली. त्या संध्याकाळी मेसमध्ये गेले तर पोरांनी पाट मांडून ठेवलेला, भोवती रांगोळी काढलेली. एकाने डोक्यावर टोपी घातली, एकाने नारळ हातात दिला. "सरकारचे जावई आले, जावईबापूंना आधी वाढा." सगळी मेस टाळ्या पिटत होती.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, जेवलो. भूक लागली होती न ताई. सकाळपासून खाल्लं नव्हतं." खुर्ची खुर्चीवर बसवत ते म्हणाले, "आग्रह करकरून वाढलं त्यांनी. मी दोनदा भात घेतला. तो भात अजून इथं आहे." त्यांनी गळ्यापाशी हात नेला आणि पुढच्या खुर्चीला लागले.

हा टोमणा ऐकलेला नाही असं आमच्यात कोण आहे? मीही ऐकलाय, फार्मसी कॉलेजात, हसत हसत मारलेला. मी उलट बोलून मोकळी झाले. विलासभाऊंनी उलट काही केलं नाही, फक्त मनाशी ठरवून टाकलं. तेव्हापासून सुपरमार्केटमधला चवीला ठेवलेला चीजचा तुकडा नाही, बसमधला फुकटचा पेपर नाही, काही नाही. मजा अशी की दुसऱ्याची वेळ आली की हाच माणूस हक्काची भाषा बोलायचा. कामावर कुणाचा ओव्हरटाइम बुडाला की युनियनच्या माणसाच्या आधी हे मॅनेजरच्या दारात. "हक्काचं आहे, सोडायचं नाही," हे त्यांचं पालुपद होतं.

मग फाउंड्री बंद झाली. बाहेरच्या देशांतून तेच भाग निम्म्या भावात येऊ लागले होते, हे सगळ्यांना दिसत होतंच. तरी ज्या दिवशी कँटीनमध्ये सगळ्यांना बोलावून सांगितलं, त्या दिवशी दुपारी माझ्या दुकानात जी माणसं आली त्यांचे चेहरे मी विसरणार नाही. धिप्पाड माणसं ॲसिडिटीच्या गोळ्या मागत होती आणि पाकीट हातात घेऊन तिथेच उभी राहत होती. त्या गावात दुसरं काही नव्हतं. आजोबा खाणीत, बाप फाउंड्रीत, मुलगा फाउंड्रीत. नातवाचं काय, ते कुणी बोलत नव्हतं.

सरकारने मदत जाहीर केली. परदेशी मालामुळे नोकरी गेलेल्यांसाठी खास निधी. माझ्या दुकानासमोरच्या जुन्या लायब्ररीत केंद्र उघडलं, सगळे त्याला हब म्हणू लागले. नवीन कामाचं शिक्षण, कॉलेजात राखून ठेवलेल्या जागा, नोकरी शोधून द्यायला माणसं. नेरिस नावाची एक लालबुंद गालांची बाई ते चालवायची. पहिला आठवडाभर ती एकटीच काचेमागे बसलेली मला दिसायची. कुणी जाईना. या खोऱ्यातली माणसं मानी. सरकारकडून काही घ्यायला जाणं म्हणजे फुकटखाऊ ठरणं, आणि तेही भर रस्त्यात, सगळ्या गावादेखत.

गॅरेथ त्यांतलाच. साचे भरण्याच्या खात्यातला, साठीच्या अलीकडचा, बायको वारलेली, गुडघे कामातून गेलेले. तो गुडघ्याच्या गोळ्या घ्यायला आला असताना विलासभाऊ रांगेत त्याच्या मागे होते. मी सहज म्हटलं, गॅरेथ, समोर जाऊन आलास का? तो म्हणाला, "मी हात पसरायला जाणार नाही, लव्ह. मी स्क्राउंजर नाही."

विलासभाऊंनी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, यंत्रावर ठेवतात तसाच.

"गॅरेथ, बाहेरचा स्वस्त माल येऊ द्यायचं कुणी ठरवलं? तू?"

"नाही."

"टॅक्स कुणी भरला इतकी वर्षं?"

"मी."

"मग ही चॅरिटी नाही. नुकसानभरपाई आहे. युवर राइट. चल."

आणि खरंच त्याला दंडाला धरून रस्ता ओलांडून घेऊन गेले. गोळ्या माझ्या काउंटरवरच राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून विलासभाऊंची गाडी सकाळी लायब्ररीपुढे लागायला लागली. वरच्या गल्ल्यांतून चौघाचौघांना गोळा करून आणायचे. माणसं आत जायची. विलासभाऊ गाडीत बसून राहायचे, थर्मासमधला चहा पीत. आत गेलेल्याने बाहेर येऊन काय झालं ते सांगायचं, मग पुढची फेरी. लॉरी चालवायचं लायसन्स, वेल्डिंग, प्लंबिंग, केअर होममधलं काम, काय काय ठरत होतं. दुकानात येऊन मला बातम्या द्यायचे. अमका लागला, तमका तयार होत नाही, त्याच्या बायकोला तुम्ही सांगा. त्या दिवसांत मी त्यांना जेवढं खुशीत पाहिलं तेवढं नंतर नाही.

मी एकदा विचारलं, "आणि तुमचं नाव, विलासभाऊ?"

त्यांनी पाकिटातून जुनं व्हिसाचं कार्ड काढलं. आता सगळं ऑनलाइन झालंय, पण ते कार्ड त्यांनी जपून ठेवलं होतं. त्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. सरकारी निधीवर हक्क नाही, असं तिथे लिहिलेलं असतं. "आपल्यासाठी नाही ते."

"पण विचारा तरी."

"विचारलं की नाव लिहून घेतात ताई. नाव गेलं की व्हिसावाल्या होम ऑफिसले दिसते. मग पीआरच्या टायमाले म्हणतील, हा मागायला आला होता."

आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे ब्रॅकनेलचे एक आयटीतले महाशय आहेत, ज्यांचा स्वतःचा व्हिसा कंपनीचे वकील सांभाळतात आणि जे फावल्या वेळात इतरांचे सांभाळतात. त्यांनीही ठोकून दिलं होतं, "भाऊ, डोन्ट टच एनीथिंग. गव्हर्नमेंटचा एक पेनी नको." पाच-पंचवीस अंगठे आले त्याच्याखाली. झालं, शिक्कामोर्तब.

तोवर विलासभाऊंना भीती वाटत नव्हती. एवढा अनुभव, मिळेलच काही, असं ते धरून होते. पण नोकरी गेली की व्हिसाची मुदत आखूड होते, आणि त्या मुदतीत नवा स्पॉन्सर शोधावा लागतो. नाहीतर सगळ्या कुटुंबाने निघायचं. ते कुठे कुठे जाऊन आले. स्विंडन झालं, बर्मिंगहॅम झालं. मेडनहेडला एका कंपनीने मोठ्या प्रेमाने बोलावलं, स्पॉन्सरशिपचा विषय निघाल्यावर समोरच्या माणसाने हातातला चहासुद्धा संपवला नाही. येताना मोटरवेच्या थांब्यावर गाडी उभी करून मला फोन केला. काम काही नव्हतं. "इथं खूप गाड्या आहेत ताई," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

एका दुपारी शाळा सुटल्यावर श्रावस्ती दुकानात आली. मागच्या खोलीत बसवलं तिला.

"मावशी, स्ट्रेससाठी काही ओव्हर द काउंटर मिळतं का? मला नको. बाबांना."

"काय झालं?"

"ते स्माइल करायची प्रॅक्टिस करतात. बाथरूममध्ये. मला ऐकू येतं. 'गुड मॉर्निंग, थँक यू फॉर सीइंग मी.' पाण्याचा नळ सोडतात आणि परत परत तेच म्हणतात." ती रडत नव्हती. टाय गुंडाळत होती आणि सोडत होती. "मी एक्झामच्या आधी गेले तर माझं काहीच काउंट होणार नाही, मावशी. नागपूरला परत अकरावीत बसायचं का मी? आई म्हणते, बाबांसमोर हे बोलू नको. मी नाही बोलत. दे डोन्ट ईव्हन फाइट एनीमोअर. घरात कुणीच काही बोलत नाही."

माझ्या कपाटात त्याच्यावर औषध नव्हतं. मी तिला चहा दिला. तो तिने प्यायला नाही.

आणि मग, नाताळच्या आधी, एक दार उघडलं. समुद्राकडच्या एका कंपनीला भट्ट्यांची आणि मोठ्या विजेची जाण असलेला माणूस हवा होता. मॅनेजरला विलासभाऊ पसंत पडले. स्पॉन्सर करायलाही तो तयार होता. अट एकच, हाय व्होल्टेजवर काम करायचं इथलं सर्टिफिकेट हवं. कॉलेजात चौकशी केली तर नवीन वर्षात वर्ग सुरू होणार होता, पण तो सगळा हबने फाउंड्रीच्या कामगारांसाठी घेतलेला. पैसे भरून येणाऱ्यांचा वर्ग सप्टेंबरात. विलासभाऊंची मुदत मार्चमध्ये संपत होती.

त्या हबच्या वर्गात अजून एक जागा भरायची राहिली होती. ते विलासभाऊंना ठाऊक होतं, सगळ्या गावाची भरती तर तेच करत होते. कंपनीचा निरोप आला त्याच आठवड्यात त्यांनी गॅरेथला गाडीत घातलं, लायब्ररीपुढे उतरवलं आणि त्या शेवटच्या जागेवर त्याचं नाव लावून आणलं. गॅरेथला विजेतलं ओ की ठो कळत नव्हतं. मी म्हटलं, अहो, त्याला कशाला? ते म्हणाले, "सीट रिकामी जाईल न. कारखान्याची सीट आहे. कारखान्याच्या माणसानंच बसावं."

फेब्रुवारी संपता संपता नेरिस घशाच्या गोळ्या घ्यायला आली. बोलता बोलता म्हणाली, "तुझा मित्र विल. एवढी माणसं आणली त्याने, स्वतः मात्र एकदाही आत आला नाही. दुसरी नोकरी मिळाली होती ना त्याला?"

मी म्हटलं, "त्याचा व्हिसा आहे. त्याला चालत नाही ना तुमचं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "कोण म्हणालं? हे बेनिफिट नाही, ट्रेनिंग आहे. फाउंड्रीचा बॅज असलेल्या प्रत्येकासाठी होतं. आम्ही पासपोर्ट विचारतच नाही."

दुकान मदतनीस मुलीवर टाकून मी तशीच त्यांच्या घरी गेले. बैठकीच्या खोलीत दोन मोठ्या बॅगा उघड्या पडल्या होत्या. सुषमा गोधड्या दाबून बसवत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. कसं सांगावं याचा विचार करायला मला सुचलं नाही, आणि केला असता तरी त्याने फरक पडला नसता.

विलासभाऊ सोफ्याच्या कडेवर बसले. म्हणाले, "विचारलं असतं तर सांगितलं असतं न तिनं."

सुषमा वळली. मी तिचा आवाज कधी चढलेला ऐकला नव्हता. "काहून नाही विचारलं मग? दाराशी बसून राहत होते रोज! सगळ्या गावाले आत ढकललं, आपली पोरगी नाही दिसली तुम्हाले? एक शब्द विचारला असता तर जीभ झडली असती का?"

"कार्डावर लिहिलं होतं, सुषमा."

"कार्डाचं नका सांगू मले! तुमचं कार्ड मी ओळखते. त्या मेसमधल्या पोरांना दाखवून राहिले होते तुम्ही, की मी जावई नाही. ती पोरं कुठच्या कुठं गेली असतील. आणि तुम्ही माझ्या पोरीचं वर्ष त्यांच्या पानात वाढलं."

श्रावस्ती जिन्यावर येऊन उभी होती, ते तेव्हा लक्षात आलं. विलासभाऊंनी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "खरं सांगू का ताई," ते मला म्हणाले, "कार्ड नसतं तरी मी गेलो नसतो. कार्डामुळे मले सोपं झालं." आणि मग तो रुंद हाडाचा माणूस दोन्ही तळहातांत तोंड घालून रडला. सुषमाने गोधडी सोडली नाही. श्रावस्ती खाली आली आणि त्यांच्याजवळ बसली. मला तिथे उभं राहवेना, आणि निघूनही जाता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी लायब्ररीचं दार उघडलं तेव्हा ते बाहेर उभेच होते. मी माझ्या काउंटरवरून पाहिलं. आत गेले. काचेतून दिसत होतं, नेरिस फोन लावतेय, ठेवतेय, पुन्हा लावतेय. बऱ्याच वेळाने ते माझ्याकडे आले. वर्गाचा सुरक्षेचा भाग होऊन गेला होता, त्याशिवाय पुढे बसू देत नाहीत. कंपनीचा मॅनेजर सप्टेंबरपर्यंत थांबायला तयार होता, होम ऑफिस नव्हतं. नेरिसने एका वकिलालाही विचारलं. त्यानेही तेच सांगितलं.

"बाई चांगली आहे," ते म्हणाले. "म्हणे, विल, तू रोज बाहेर बसायचास, मला वाटलं तुला नकोच आहे." त्यांनी गोळ्या घेतल्या. त्या दिवशी डब्यात काही टाकलं नाही. पिशवी उचलली आणि गेले.

निघायच्या दिवशी हीथ्रोच्या कोचपर्यंत मी सोडते म्हटलं, कारण त्यांची गाडी विकून झाली होती. सकाळची वेळ होती. नवऱ्याची मोठी गाडी घेऊन गेले. बॅगा बसल्या, सुषमा आणि श्रावस्ती मागे बसल्या. श्रावस्तीने पुस्तकांची सॅक पायाशी न ठेवता मांडीवर घेतली होती. पहिल्याच वळणावर विलासभाऊ म्हणाले, "ताई, वरच्या गल्लीतून घ्या. गॅरेथकडं थांबायचं आहे."

मला वाटलं, निरोप घ्यायचा असेल. पण यांनी दार बडवायलाच सुरुवात केली. गॅरेथ सपातांवर बाहेर आला. आठवडाभर तो वर्गाला गेला नव्हता, ते यांना कळलं होतं.

"आज क्लास आहे. बूट घाल."

"विल, दोस्ता, ते माझ्याच्याने होणार नाही. सगळी पोरं आहेत तिथे. मला काही समजत नाही. मी सोडतोय ते. आणि तू आज कुठे निघालायस, माझं काय घेऊन बसलास?"

"बूट घाल, गॅरेथ."

त्याला आणून मागच्या सीटवर सुषमाशेजारी कोंबलं. खोरं उतरून आम्ही कार्डिफला आलो. कॉलेजच्या जवळ आल्यावर गॅरेथ पुन्हा पुटपुटला की, खरंच, हे आपलं काम नाही. तेव्हा विलासभाऊ पट्टा ताणून मागे वळले. त्यांचा तो आवाज मी आधी ऐकला नव्हता.

"ती सीट मला मिळू शकत होती, गॅरेथ. मला माहीत नव्हतं. मी ती तुला दिली. माझी मुलगी बघ, ती आज परत चालली आहे. आता तू सोडायची नाही. समजो न समजो, शेवटपर्यंत बसायचं तिथे."

गॅरेथने श्रावस्तीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. त्याचा चेहरा पांढरा पडला. तो म्हणाला, "जीझस, विल." कॉलेजपुढे गाडी थांबली तेव्हा तो उतरला, दुखरे गुडघे घेऊन पायऱ्या चढला आणि आत गेला. विलासभाऊ तो दिसेनासा होईपर्यंत काचेतून बघत होते. मग म्हणाले, चला.

कोच लागलेली होती. सुषमाने मला मिठी मारली आणि माझ्या कानाशी काहीतरी म्हणाली, ते रडण्यात मला कळलं नाही. श्रावस्तीने नुसता हात हातात घेतला. मी म्हटलं, कळवत राहा गं. ती म्हणाली, "येस, मावशी." विलासभाऊ वाकून पाया पडायला लागले, मी त्यांना तसं करू दिलं नाही. वयाने मी थोडीच मोठी. रडू येत होतं आणि रागही येत होता. कुणाचा, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

कोच निघायला वेळ लागला. मी खाली उभी होते. सुषमा काचेतून हात हलवत होती. तिच्या पुढच्या सीटवर विलासभाऊ फोन कानाला लावून बसले होते, डोळे मिटून, मान खाली. मधूनच मान डोलावत होते. मी काचेवर टकटक केली, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. मला वाटलं, नागपूरला फोन चालला असेल, घ्यायला कोण येणार ते ठरत असेल. एवढ्या माणसांना दारापर्यंत सोडणाऱ्या माणसाने माझ्याकडे एकदा वळून बघू नये, याचं मला वाईट वाटलं. कोच वळून गेली तरी त्यांची मान तशीच डोलत होती.

पुढच्या आठवड्यात गॅरेथ गुडघ्याच्या गोळ्या घ्यायला आला. मी म्हटलं, जातोस का वर्गाला? तो म्हणाला, जातो. मग बराच वेळ पिशवी हातात धरून उभा राहिला.

"त्या दिवशी कोचमधून त्याने मलाच फोन केला होता," तो म्हणाला. "वर्ग सुरू होता. विचारलं, बोर्डावर काय आहे? मी हळूच वाचून दाखवायला लागलो. तर म्हणाला, तू नको, फोन टेबलावर ठेव, सरांचं ऐकू दे. मी ठेवला. न्यूपोर्टच्या बोगद्यात लाइन तुटली."